मागच्या रांगेतला इतिहास

मोजणीबाईंच्या रविवारच्या फेरीला यायचं म्हणजे सकाळी साडेसहाला छापखान्यामागच्या लोखंडी पुलावर हजर राहायचं. सहा पस्तीसला पोचलात तर बाई पुढे निघालेल्या असायच्या, आणि मग कालव्याच्या कडेने धापा टाकत जाऊन शेपूट गाठावं लागायचं. शेपटाशी तारकाका असत. उशिरा येणाऱ्यांची त्यांना इतकी सवय झाली होती, की ते मागे वळूनही न बघता म्हणत, "या, या. अजून विशेष काही घडलेलं नाही."

बाई मोजणी खात्यात चौतीस वर्षं होत्या. हातात साखळी आणि डोक्यावर टोपी घालून त्यांनी आजूबाजूचा सगळा मुलूख पायाखाली घातला होता. कुठला बांध कुणाचा, कुठली वाट कधी बुजली, कालवा आधी कुठून जाणार होता आणि मग कुणाच्या हट्टापायी कुठे वळला, हे त्यांना तोंडपाठ. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून त्या एकट्याच कॅमेरा घेऊन हिंडू लागल्या. मग शेजारीण म्हणाली, मीही येते. शेजारणीने आपल्या डॉक्टरला सांगितलं, डॉक्टरने आपल्या पेशंटांना. तीन वर्षांत वीस-बावीस जणांचा नेम झाला.

बाईंनी फेरीसाठी एक घडीचा कागद छापून घेतला होता. त्यावर फोटो काढण्याजोगी आठ ठिकाणं होती. प्रत्येकाला नंबर, आधीच्या ठिकाणापासून किती पावलं ते, ऊन कुठल्या बाजूने आणि किती वाजता येतं ते, आणि खाली तीन ओळींत तिथला इतिहास. चौथी ओळ नाही. "जुन्या कागदात सापडेल तेच मी सांगणार," असं बाई पहिल्याच दिवशी नवीन माणसाला बजावत. "ऐकीव गोष्टी ऐकायच्या असतील तर बाजारात जा, तिथे पुष्कळ मिळतील."

तारकाका म्हणजे बाईंचे यजमान. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, आयुष्य खांबावर चढण्या-उतरण्यात गेलं, म्हणून तारकाका. त्यांच्या पिशवीत पाणी, संत्री, चिकटपट्टी, सेफ्टी पिना आणि बुटांच्या जास्तीच्या नाड्या असत. रेंगाळणाऱ्यांना हाकत आणायचं काम त्यांचं. बाई पुढे इतिहास सांगतात आणि काका मागे संत्री सोलतात, असं सगळ्यांना वाटे. बाईंनाही तसंच वाटे.

एका रविवारी पाच नंबरच्या ठिकाणी, म्हणजे टेकडीवरच्या चपट्या खडकापाशी, एक नवीन जोडपं आलं होतं. मुलगी खडकावर चढून पाठमोरी बसली, एक हात कपाळाशी धरला आणि मुलगा फोटो काढू लागला. बाईंनी कागदात बघून सांगितलं, "तोंड इकडे केलंत तर ऊन चांगलं मिळेल."

"पण मग दिवेवाल्यासारखं कसं दिसणार?" मुलगी म्हणाली.

"कोण दिवेवाला?"

मुलीला वाटलं बाई परीक्षा घेताहेत. तिने उत्साहाने सगळं सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी गावात रस्त्यावरचे दिवे लावणारा एक माणूस होता. त्याची बायको दूरच्या गावी कामाला. दर शनिवारी संध्याकाळी तो या खडकावर येऊन बसायचा, समोरच्या डोंगराच्या वळणावर तिच्या गाडीचा कंदील दिसला की धावत खाली जायचा, आणि ती पोचायच्या आत घरात दिवा लावून ठेवायचा. अकरा वर्षं. एक शनिवार चुकला नाही.

मुलाने फोन पुढे केला. या खडकावर पाठमोरं बसून कपाळाला हात लावलेल्या माणसांचे शेकडो फोटो होते त्यात. जोडपी होती, कॉलेजची पोरं होती, कुणाचा तरी कुत्राही होता.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"काकांनीच सांगितलं सगळ्यांना. माझी मैत्रीण मागच्या महिन्यात आली होती, ती मागे राहिली होती ना."

बाईंनी रांगेच्या शेवटाकडे पाहिलं. काका खाली वाकून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होते. त्या माणसाच्या बुटाला नाडी नव्हती, हे बाईंना इतक्या लांबूनही दिसलं.

घरी आल्यावर काकांनी स्वयंपाकघरात जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि दोघांच्या बुटांचा चिखल सुरीने खरवडायला बसले. बाई समोर खुर्ची ओढून बसल्या.

"दिवेवाला कोण?"

"कुठला दिवेवाला?"

"अकरा वर्षं खडकावर बसणारा."

"अच्छा, तो."

"तो म्हणजे? तुमच्या ओळखीचा आहे?"

"ओळख म्हणजे," काका म्हणाले, "आपली तोंडओळख."

"अहो, मी चेष्टा करत नाहीये. आणखी कोण कोण आहे मागे?"

काकांनी सुरी खाली ठेवली आणि एकेक कबूल करायला सुरुवात केली. चुन्याच्या भट्टीपाशी एक भट्टीवाली होती, तिने रागाच्या भरात वैरिणीचं घर रातोरात पांढरंफेक करून टाकलं होतं. कालव्याच्या दाराशी एक इंजिनियर होता, त्याला चालता चालता झोप लागायची. झऱ्यापाशी एक शेळी होती. "शेळी खरी असेल कदाचित," काका म्हणाले. "शेळ्यांना पाणी सापडतं."

"पण का?" बाई म्हणाल्या. "मी एकेका तारखेसाठी आठवडा आठवडा दप्तरात घालवते, आणि तुम्ही पन्नास पावलं मागे उभं राहून वाटेल ते ठोकून देता."

"अगं, मागच्यांचं वेगळं असतं. पुढच्यांचे पाय धड असतात, त्यांना सनावळ्या चालतात. मागच्याला धाप लागलेली असते. त्याला सांगितलं, की या भट्टीला तीन तोंडं होती आणि रोज इतका इतका चुना निघायचा, तर तो म्हणतो, मी बसतो इथेच, तुम्ही या जाऊन. पण भट्टीवालीचं पुढे काय झालं ते वरच्या वळणावर सांगतो म्हटलं, की चढतो बिचारा."

बाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. "आजपासून बंद," त्या म्हणाल्या.

"बंद," काका म्हणाले आणि दुसरा बूट हातात घेतला.

प्रकरण तिथे मिटलं असतं. पण पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेच्या पर्यटन विभागाचं पत्र आलं. दिवेवाल्याच्या खडकापाशी माहितीची पाटी लावण्याचं ठरलं असून, आपण या भागाच्या जाणकार असल्याने सोबतचा मजकूर तपासून सही करून द्यावा. सोबतच्या मजकुरात दिवेवाला अकरा वर्षांवरून एकवीस वर्षांवर गेला होता आणि शेवटी खडकावरच त्याने प्राण सोडला होता.

"मी त्याला मारलं नव्हतं," काका म्हणाले. "हे त्यांचं त्यांनी केलं."

बाईंनी पदर खोचला. सलग तीन दिवस त्या जुन्या दप्तरांच्या खोलीत जाऊन बसल्या. तिथला कारकून एकेकाळी त्यांच्या हाताखाली होता. त्याने न मागता चहा आणि न विचारता सगळे नकाशे आणून दिले. तिसऱ्या दिवशी एका तेलकट झालेल्या नकाशावर खडक सापडला. मोजणीची खूण म्हणून त्यावर एक बारीक फुली होती, बाकी काही नाही. गावात रस्त्यावर दिवे बसवायचा ठरावही सापडला. तो गोष्टीतल्या काळाच्या कितीतरी नंतरचा होता. बाईंनी घरी येऊन पत्र लिहिलं आणि काकांना वाचून दाखवलं: "सदर दिवेवाल्याचा कोणत्याही कागदात उल्लेख आढळत नाही. सदर काळी गावात रस्त्यावर दिवेच नव्हते. सबब सदर मजकूर पाटीवर घेऊ नये."

"सबब छान आलंय," काका म्हणाले. "टाक पाठवून."

ते हसत म्हणाले, पण नंतर गप्प गप्प झाले. रविवारी फेरीत त्यांनी संत्री सोलली, पाणी दिलं, काठ्या धरल्या, पण तोंडातून शब्द काढला नाही. मागच्या रांगेत दोन बहिणी असायच्या, दोघी सत्तरीच्या पुढच्या. त्यातल्या थोरलीचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं होतं. ती भट्टीपाशी थांबली आणि म्हणाली, "आज काही पुढे जाववत नाही बाई." धाकटीही तिच्यासोबत थांबली. पाच नंबरला पोचल्यावर बाईंनी माणसं मोजली तर सहा कमी होती. बाईंना ते लागलं, पण पत्र पिशवीत तयार होतं आणि सोमवारी ते टाकायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

सोमवारी दुपारी लेकीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर होती आणि जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने आईशी बोलायची. बाईंनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. दिवेवाला, फोटो, पाटी, तेलकट नकाशा. आपण दिवेवाल्याचा कसा निकाल लावला हे सांगताना त्यांना थोडी मजाच वाटत होती.

पलीकडे बराच वेळ नुसतं चावल्याचा आवाज. मग तोही थांबला.

"आई," मुलगी म्हणाली, "दिवेवाला म्हणजे आपले बाबा."

"काय बोलतेस?"

"तुझी बदली झाली होती बघ, नदीपलीकडे. मी चार-पाच वर्षांची असेन. तू शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचीस. बाबा मला सायकलवर टेकडीच्या पायथ्याशी न्यायचे आणि तिथून खांद्यावर. त्या खडकावर आम्ही बसायचो. समोरच्या वळणावर बस दिसली की आधी मी ओरडायचे, मग बाबा. मग मला पाठीवर घेऊन ते धावत सुटायचे. तुझी बस पुलावरून लांबचा वळसा घेऊन यायची ना, तोवर आम्ही घरी. बाबा स्टोव्ह पेटवायचे, पाणी ठेवायचे, मी दिवे लावायचे. सगळ्या खोल्यांतले. ते माझं काम होतं."

"मला कधी बोलला नाहीत."

"बाबांनी सांगितलं होतं, आईला सांगायचं नाही. एवढ्या चढावर पोरीला कशाला नेलं म्हणून रागावेल. मी तेव्हा दिवेवाला होते म्हणे आणि बाबा घोडा." मुलगी हसली आणि मग एकदम म्हणाली, "आई, पेशंट आलाय. रात्री बोलू."

बाईंनी फोन खाली ठेवला.

तीन वर्षं चार महिने. त्यांना तो काळ दिवसांनिशी पाठ होता, कारण बदलीचे दोन्ही हुकूम अजून कपाटात होते. दर शनिवारी त्या बसमधून उतरायच्या, एका हातात कपड्यांची पिशवी, बगलेत नकाशांची गुंडाळी. त्यांच्याबरोबर उतरणाऱ्या बायकांना घ्यायला कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा दीर उभा असायचा. त्यांच्यासाठी कधी कुणी नसायचं. अर्धा कोस चालत त्या घरी जायच्या. घरात सगळे दिवे लागलेले, पाणी कढत, आणि बापलेक दोघं घामाघूम होऊन खिदळताहेत. एकदा त्या चिडून म्हणाल्याही होत्या, "इतकी मजा चालली होती तर स्टँडपर्यंत यायला काय झालं होतं?" काका म्हणाले होते, "काम होतं जरा." त्यानंतर बाईंनी विचारलं नव्हतं. संसार चांगला झाला, तक्रारीला जागा नव्हती. तरी तो एवढासा सल कुठेतरी आत राहून गेला होता, इतका जुना की तो आहे हेही त्या विसरल्या होत्या.

पत्र त्यांनी टाकलं नाही. पण नुसत्या लेकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवतील तर त्या मोजणीबाई कसल्या. शनिवारी साडेचारला घड्याळ आणि काठी घेऊन त्या कुणाला न सांगता निघाल्या.

टेकडीवर त्या वेळी कुणी नव्हतं. बाई खडकावर बसल्या. या जागेचे त्यांनी शंभर वेळा फोटो काढले होते, पण कायम सकाळी आणि कायम गावाकडे तोंड करून. आता उन्हं उतरली होती आणि समोरचा डोंगर तांबूस झाला होता. त्याच्या कडेने रस्ता येत होता, मध्ये झाडीत लपत होता आणि एका जागी, बरोबर समोर, बोटभर लांबीचा उघडा पडत होता. सहाला दोन मिनिटं कमी असताना तिथे बस आली. आगपेटीएवढी. दिवे लागलेले होते. चार सेकंद दिसली आणि गेली. बाईंनी घड्याळ पाहिलं.

मागे धापा टाकल्याचा आवाज आला. काका चढ चढून आले होते. हातात बाईंचा स्वेटर होता.

"न सांगता निघालीस," ते म्हणाले. "छापखानेवाल्याने पाहिलं म्हणून कळलं."

"बसा," बाई म्हणाल्या.

काका बसले. 

"वळणापासून स्टँडपर्यंत बसला किती वेळ लागायचा?" बाईंनी विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. "अडतीस मिनिटं," ते म्हणाले. "पुलावर गुरं असली तर पंचेचाळीस. गुरं असली की बरं पडायचं."

"आणि इथून घरी?"

"पोरीला घेऊन एकवीस. ती जड झाली तसे चोवीस-पंचवीस."

"मग स्टँडवर का नाही आलात?" बाईंचा आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला. "मला सारखं वाटायचं, की तुम्हाला एवढंही जमत नाही."

काकांनी स्वेटरची घडी उलगडली, पुन्हा घातली. "स्टँडवर आलो असतो तर घर गार राहिलं असतं. तू आल्या आल्या स्टोव्हशी बसली असतीस. सहा दिवस उन्हात चालून यायचीस, तुझे पाय सुजलेले असायचे." मग थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू? तुझ्याबरोबर तुझे साहेब उतरायचे. त्यांना न्यायला जीप यायची. मी आपला खांबावरून उतरलेला, डांबराने हात काळे. म्हटलं, त्यांच्यासमोर कशाला तुला."

"वेडे आहात तुम्ही," बाई म्हणाल्या. "साहेबांना मी सांगायचे, आमच्याकडे टेलिफोन कधी बंद पडत नाही."

काकांना हे माहीत नव्हतं. ते समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "हे तरी कधी बोललीस?"

 बाईंनी स्वेटर घातला आणि काकांचा दंड धरून त्या उठल्या. उतरताना त्या म्हणाल्या, "तुम्ही एकवीस म्हणता, ते धावत असणार. पण पोर पाठीवर घेऊन या उतारावर धावायचं म्हणजे कमाल आहे तुमची. पडली असती तर?"

"म्हणूनच सांगितलं नव्हतं," काका म्हणाले.

नगरपालिकेला बाईंनी नवीन पत्र लिहिलं. दिवेवाला दोनशे वर्षांपूर्वीचा नसून पस्तीस वर्षांपूर्वीचा आहे. तो दिवे लावणारा नसून टेलिफोनचा लाइनमन आहे. गाडी नव्हे, बस. अकरा किंवा एकवीस वर्षं नव्हेत, तीन वर्षं चार महिने. सोबत बदलीच्या दोन्ही हुकमांच्या प्रती जोडल्या आहेत. सदर इसम हयात आहे. नाव त्यांनी घातलं नाही, कारण काकांनी कान धरून विनवलं होतं.

पर्यटन विभागातले साहेब स्वतः घरी आले. चांगला माणूस होता. चहा घेत अवघडून म्हणाला, "बाई, हे फारच अलीकडचं झालं. लोकांना जरा जुनं लागतं."

"मग थांबा," बाई म्हणाल्या. "होईल जुनं."

शेवटी मध्यम मार्ग निघाला. पाटीवर फक्त 'येथून समोरचे वळण दिसते' एवढंच लिहायचं ठरलं. महिनाभरात पाटी लागली. फोटो काढणारे पाठमोरे बसतच राहिले. त्यांना पाटीचं काही वाटलं नाही.

पाटी लागल्यानंतरच्या रविवारी बाईंनी पाच नंबरला सगळ्यांना थांबवलं आणि मागच्या रांगेला पुढे बोलावलं. "इथलं काका सांगतील," त्या म्हणाल्या. "खरं आहे, मी तपासलंय."

काकांची पंचाईत झाली. मागे चार माणसांत रंगणारे काका वीस जणांपुढे पार अडखळले. "बायको बाहेरगावी होती," ते म्हणाले. "शनिवारी यायची. इथून बस दिसायची. मग आम्ही घरी जायचो." एवढ्यावर संपलं. बाई बाजूने म्हणाल्या, "पळत. पोर पाठीवर घेऊन." काका म्हणाले, "हो, पळत." मग बाईंनीच बाकीचं सांगितलं, मिनिटांसकट, आणि सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. नवीन आलेल्या माणसांनी खाली बघितलं. कुणीतरी काकांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

कंबरेचं ऑपरेशन झालेली थोरली बहीण आज आली होती. ती खडकाच्या कडेला टेकून ऐकत होती. सगळं झाल्यावर ती बाईंना हळूच म्हणाली, "राग मानू नका हं, पण तो दिवेवालाच जास्त चांगला होता. हे ऐकून रडायला येतं, आणि मला अजून तीन ठिकाणं चालायची आहेत."

बाई हसल्या. त्यांनी पुढे चालताना धरायची आपली काठी शेजारणीच्या हातात दिली, वाट ठाऊक होती तिला. मग थोरल्या बहिणीला एका बाजूने हात दिला, दुसऱ्या बाजूने काकांनी दिला, आणि तिघं सगळ्यांच्या मागून चालू लागली.

"झऱ्यापर्यंत चढ आहे," बाई काकांना म्हणाल्या. "यांना शेळीचं सांगा."

"तू ऐकणार?"

"मी ऐकत नाहीये," बाई म्हणाल्या. "मी पावलं मोजतेय."